लॉर्डसाहेब, चर्च आणि एम्प्रेस मिलची पोरं

मागच्या अंकात नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीवर लेख आला होता, त्यात बालमजुरीच्या पहिल्या कायद्याच्या ओघात लॉर्ड शाफ्ट्सबरी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले इंग्रज उमराव आणि पार्लमेंटचे सभासद, हे नाव फक्त एका ओळीत येऊन गेलं, आणि त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांचा रोख एकच आहे, की हा माणूस कामगारांचा कैवारी होता की चर्चचा माणूस होता, नक्की काय ते सांगा. आधीच सांगून टाकतो, मला ही दोन माणसं वेगळी करता येत नाहीत आणि करूही नयेत असं वाटतं. पुढची उत्तरं वाचताना ते ध्यानात असू द्या.

प्रश्न : सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलवरून मी रोज जातो. ते अँग्लिकनांचं होतं म्हणतात. मग हे इव्हँजेलिकल वेगळे का? आणि शाफ्ट्सबरीचं चर्च आणि हे एकच का? (एक वाचक, सदर)

वेगळं चर्च नाही हो, त्याच चर्चमधला एक गट. इंग्लंडचं सरकारी चर्च म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड, त्याचे लोक ते अँग्लिकन, राजा किंवा राणी त्याचे प्रमुख, आणि त्या एकाच छपराखाली वेगवेगळ्या वळणाचे लोक. इव्हँजेलिकल मंडळींचा भर बायबलवर, माणसाच्या आतून होणाऱ्या बदलावर, प्रवचनावर, आणि विश्वास असेल तर तो कामात दिसला पाहिजे यावर. त्यांच्या समोरची बाजू हाय चर्चची, त्यांना जुने विधी, वस्त्रं, वेदी, परंपरा महत्त्वाची. दोघं एकाच प्रार्थनापुस्तकातून प्रार्थना करायचे आणि एकमेकांशी कडाकडा भांडायचे.

नागपूरला अँग्लिकनांचा वेगळा बिशप, म्हणजे एका भागातल्या सगळ्या पाद्र्यांचा प्रमुख, १९०३ साली आला, पहिले बिशप आयर चॅटर्टन. पुढे १९३० मध्ये भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून कायद्याने मोकळं झालं, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. म्हणजे उत्तर भारतातल्या प्रोटेस्टंट लोकांच्या इतिहासातली फार मोठी घटना आपल्या गावात घडली आणि आपल्यातल्या कित्येकांना ती माहीतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. शाळेत निदान एक परिच्छेद तरी हवा होता.

प्रश्न : लॉर्डले चर्चमंदी कायचं काम? बिशप असतात, पाद्री असतात, हे जमीनदार लोक मधात काहून? (एक शेतकरी वाचक, काटोल रोड)

भाऊ, मुद्द्याचं विचारलंत. इंग्लंडमध्ये कुठल्या गावाच्या चर्चला कोणता पाद्री द्यायचा हे ठरवायचा हक्क पुष्कळ ठिकाणी बिशपकडे नव्हताच, तो खाजगी माणसाकडे असायचा. आपल्याकडच्या वतनासारखं समजा, बापाकडून पोराकडे यायचा, विकताही यायचा, विकतही घेता यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास निम्म्या जागांचा हक्क असा खाजगी हातांत होता, आणि त्यातला बराचसा अर्थातच उमराव आणि जमीनदार घराण्यांकडे. लॉर्डसाहेब म्हणतील तो पाद्री, आणि एकदा बसला की जन्मभर, गावाने मान डोलवायची.

इव्हँजेलिकल लोकांनी काय केलं, ही पद्धत मोडायच्या मागे लागण्याऐवजी तीच वापरली. केंब्रिजचे चार्ल्स सिमियन नावाचे पाद्री होते, त्यांनी पैसे गोळा करून असे हक्क चक्क विकत घेतले, ट्रस्ट केला, बाथ आणि चेल्टनहॅमसारख्या गर्दीच्या गावांत आपल्या विचाराचा पाद्री कायमचा राहील अशी सोय करून ठेवली. जॉन न्यूटन, म्हणजे गुलामांच्या जहाजावरचा कप्तान जो पुढे पाद्री झाला, त्याला कोणी पाद्री करायला तयार नव्हतं, तेव्हा १७६४ मध्ये ओल्नी गावची जागा त्याला मिळाली ती लॉर्ड डार्टमथ यांच्यामुळे. म्हणजे पद्धत अन्यायाची, पण तिच्यातून कधीकधी चांगला माणूसही आत यायचा.

आणि आता नागपूरचा धागा बघा. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप अँग्लिकन नव्हते, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. हे फ्री चर्च जन्माला आलं ते याच वतनाच्या भांडणातून. ऑक्टरार्डर नावाच्या गावात अर्ल ऑफ किनूल यांनी १८३४ मध्ये आपला पाद्री नेमला, गावातल्या २८७ कुटुंबप्रमुखांनी सांगितलं आम्हाला हा नको, बाजूने सह्या दोघा-तिघांच्या, तरी कोर्टाने निकाल दिला की हक्क अर्लचा. हे प्रकरण पेटत पेटत गेलं आणि १८४३ च्या मे महिन्यात साडेचारशेहून जास्त पाद्री घरं, पगार, चर्चच्या इमारती सगळं सोडून बाहेर पडले. पगार सोडला म्हणजे उद्या पोरांना काय खायला घालायचं हा प्रश्न होता, तरी बाहेर पडले. त्याच नव्या चर्चने हिस्लॉपना पाठवलं आणि १८४५ च्या सुरुवातीला ते नागपुरात पोचले. म्हणून मी म्हणतो की हिस्लॉप कॉलेजच्या दारातून आत जाणाऱ्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असावं, की या नावामागे एका लॉर्डाच्या हक्काला नाही म्हणणारं गाव आहे.

शाफ्ट्सबरींचा हात मात्र गावच्या पाद्र्याच्या कितीतरी वर पोचला होता. बिशप नेमायचे ते राणीने, पण पंतप्रधानाच्या सल्ल्याने. १८५५ मध्ये लॉर्ड पामर्स्टन पंतप्रधान झाले, त्यांना धर्मशास्त्रात फारसा रस नव्हता, आणि शाफ्ट्सबरींची बायको एमिली ही लेडी पामर्स्टन यांची पहिल्या लग्नाची मुलगी. म्हणजे नात्याने सासरेच. मग पामर्स्टन विचारायचे आणि जावईबापू नावं सुचवायचे. मॉन्टेग्यू व्हिलियर्स कार्लाइलला, रॉबर्ट बिकर्स्टेथ रिपनला, पेल्हम नॉरिचला, असे एकामागून एक इव्हँजेलिकल बिशप बसले, आणि लोक शाफ्ट्सबरींना बिशप बनवणारा म्हणायला लागले. विरोधक म्हणायचे की विद्वत्ता बघितली नाही. शाफ्ट्सबरींची कसोटी वेगळी होती, बिशप गरीब वस्तीत जाऊन बोलू शकतो का, ही. माझ्या मते कसोटी चांगली, पण घरच्या जेवणाच्या टेबलावर चर्चचे बिशप ठरावेत ही रीत वाईटच, ती कोणाच्याही हाती असो. आता तसं राहिलेलं नाही, चर्चचीच समिती नाव ठरवते.

प्रश्न : माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. घरी असं ऐकलं की पोरांचा कायदा इंग्रजांनी मँचेस्टरच्या गिरण्या वाचवायला आणला, दयेबियेचा संबंध नाही. खरं काय? (महालमधून एक वाचक)

घरी ऐकलं ते खोटं नाही, अर्धं आहे. दादा, याचं उत्तर जरा लांब होईल.

शाफ्ट्सबरींचा जन्म १८०१ चा, लंडनच्या ग्रॉव्हनर स्क्वेअरमधला. आईवडील थंड, पोराकडे लक्ष नाही. घरात मारिया मिलिस नावाची एक दाई होती, साधी बाई, तिने त्याला प्रार्थना शिकवली, बायबलच्या गोष्टी सांगितल्या, आणि मुलगा शाळेत असतानाच ती वारली. जाताना तिने आपलं घड्याळ त्याच्यासाठी ठेवलं. ते घड्याळ हा माणूस मरेपर्यंत वापरत होता, आणि लोकांना सांगायचा की माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या मैत्रिणीने दिलंय. माझ्या मते त्यांचा सगळा इव्हँजेलिकलपणा इथून सुरू होतो, कुठल्या मोठ्या धर्मपंडिताकडून नाही. नोकर बाईकडून मिळालेला धर्म होता तो, आणि ज्याला एका नोकर बाईने वाढवलंय त्याला गिरणीतलं पोर दिसतं, जे त्याच्या बरोबरीच्या लॉर्ड लोकांना दिसत नव्हतं.

१८३३ पासून त्यांनी गिरणी कायद्याचा प्रश्न पार्लमेंटमध्ये हाती घेतला, तेव्हा ते लॉर्ड अॅशली म्हणून ओळखले जायचे, अर्ल झाले १८५१ मध्ये. १८४२ मध्ये खाणींचा अहवाल आला. त्या अहवालात चित्रं होती, आणि त्या चित्रांनी पार्लमेंट हादरलं. कोळशाच्या खाणीत हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी लाकडी दारं असायची, गाडी आली की दार ओढायचं, गेली की बंद, आणि हे काम करायला पाच-सहा वर्षांची पोरं बसवायचे. एका कोनाड्यात, हातात दोरी, मिट्ट काळोख, दिवसाचे बारा बारा तास. मेणबत्ती संपली की संपली. पोरगं झोपलं आणि दार उघडं राहिलं तर वायू साचून स्फोट व्हायची भीती, म्हणजे सगळ्या खाणीचा जीव त्या पोराच्या जागं राहण्यावर. शाफ्ट्सबरी दोन तास बोलले, आणि बायका, मुली आणि दहा वर्षांखालची मुलं यांना जमिनीखाली कामाला न्यायचं नाही असा कायदा झाला. १८४७ ला दहा तासांचा कायदा झाला, गंमत म्हणजे तो मंजूर झाला तेव्हा ते सभागृहात नव्हते, धान्य कायद्याच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या धान्यावरच्या पट्टीच्या, प्रश्नावर मत बदललं म्हणून मतदारांचा मान ठेवत त्यांनी स्वतःच सीट सोडली होती. आणि धुराडी साफ करायला आत चढणारी पोरं, त्या कायद्यासाठी तर १८७५ उजाडलं, जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून मेला तेव्हा.

आता हिंदुस्थान. १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल आपल्याकडे सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून नाव एम्प्रेस. विदर्भाचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, जुम्मा तलावाकाठची जागा. मुंबईत तर गिरण्या आधीच भराभर वाढल्या होत्या, आणि त्यांना बांधणारा कुठलाही कायदा नव्हता. पोरांचं वय नाही, तास नाही, सुट्टी नाही. शाफ्ट्सबरींनी १८७५ मध्ये आणि पुन्हा १८७९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये हा विषय काढला. त्यांचा मुद्दा साधा होता, की कातडीचा रंग आणि धर्म बदलला म्हणून मुलाचं शरीर थकायचं थांबत नाही.

आणि लँकेशायर, म्हणजे मँचेस्टरचा तो गिरण्यांचा प्रांत? हो, लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानातलं स्वस्त कापड खुपत होतं, त्यांना हा कायदा हवा होता, आणि ते लोक त्याच वेळी इंग्लंडहून येणाऱ्या कापडावरची आयातपट्टी काढायच्या मागे लागले होते, १८८२ पर्यंत ती काढलीसुद्धा. म्हणून आपल्याकडचे गिरणीमालक आणि वर्तमानपत्रं ओरडली की हे कारस्थान आहे, आणि संशय यायला जागा होतीच. शाफ्ट्सबरींनी लँकेशायरच्या स्पर्धेचा मुद्दा मांडलाही. पण याच माणसाने लँकेशायरच्या मालकांशी चाळीस वर्षं झगडा केला होता, त्यांच्याकडून शिव्या खाल्ल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. मालकांचा फायदा आणि पोरांचा फायदा एका कायद्यात आले म्हणून पोरांचा फायदा खोटा ठरत नाही.

कायदा झाला १८८१ ला. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या यांत्रिक गिरण्यांना लागू, म्हणजे एम्प्रेसला लागू. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास, मध्ये तासभर विश्रांती, महिन्याला चार सुट्ट्या, यंत्राला कुंपण. आज वाचताना अंगावर काटा येतो, सात वर्षांचं पोर नऊ तास, आणि याला सुधारणा म्हणायचं. मोठ्या माणसांसाठी आणि बायकांसाठी तर काहीच नव्हतं. पण त्याआधी शून्य होतं. आणि आणखी एक, या कायद्यावर सही झाली ती लॉर्ड रिपन व्हाइसरॉय असताना, आणि रिपन १८७४ मध्ये कॅथलिक झालेले. शाफ्ट्सबरींनी जन्मभर कॅथलिक पंथाला विरोध केला, आणि त्यांच्या मनातला हिंदुस्थानचा कायदा एका कॅथलिक माणसाच्या हातून झाला.

प्रश्न : लॉच्या अभ्यासात वाचलं की इंग्लंडमध्ये मेणबत्त्या लावल्या म्हणून पाद्री जेलमध्ये गेले. यात शाफ्ट्सबरींचा हात होता का? (एक विद्यार्थिनी, रविनगर)

होता, ताई. आणि हाच भाग मला सगळ्यात जड जातो.

१८७४ चा सार्वजनिक उपासना कायदा. मूळ विधेयक चर्च ऑफ इंग्लंडचे सगळ्यात वरचे बिशप, आर्चबिशप टेट यांचं, पंतप्रधान डिझरायलींचा पाठिंबा. हाय चर्चच्या पाद्र्यांनी वेदीवर मेणबत्त्या, धूप, रंगीत वस्त्रं असं सगळं परत आणलं होतं, इव्हँजेलिकलांना त्यात रोमचा, म्हणजे कॅथलिक पंथाचा, वास यायचा. टेट यांच्या आराखड्यात बिशपांचा अधिकार मोठा होता, शाफ्ट्सबरींनी दुरुस्ती मांडून ती सूत्रं एका सरकारी न्यायाधीशाच्या हाती दिली. तो न्यायाधीश लॉर्ड पेन्झन्स, आधी घटस्फोटाच्या कोर्टात बसायचा. पाद्र्यांनी म्हटलं, पूजा कशी करायची हे पार्लमेंटने नेमलेला माणूस आम्हाला सांगणार नाही, आणि कोर्टात जायचंच नाकारलं, मग कोर्टाचा अवमान म्हणून तुरुंग. १८७७ ते १८८७ मध्ये पाच पाद्री आत गेले. मँचेस्टरजवळच्या माइल्स प्लॅटिंगचे सिडनी ग्रीन तर लँकेस्टरच्या किल्ल्यात वीस महिने होते. आणि यातले बरेच जण गरीब वस्तीत काम करणारे, म्हणजे जी माणसं शाफ्ट्सबरींना हवी होती तशीच.

परिणाम उलटा झाला. लोकांची सहानुभूती पाद्र्यांकडे गेली, आणि आज अँग्लिकन चर्चमध्ये मेणबत्ती ही कोणाच्या लक्षातही न येणारी गोष्ट आहे. हाय चर्चचे पुढारी एडवर्ड प्युसी हे शाफ्ट्सबरींच्या नात्यातलेच, म्हणजे भांडण घरापर्यंत आलेलं. तू विचारशील की जो माणूस मुलांसाठी रडला तो पाद्र्यांना जेलपर्यंत कसा नेतो. मला वाटतं की दोन्हीकडे एकच समज काम करत होती, की जे चूक आहे ते कायदा करून थांबवता येतं आणि थांबवलंच पाहिजे. खाणीतल्या दारावर ती समज लागू पडली. वेदीवर पडली नाही, पडायला नकोच होती, आणि हे त्यांना कळलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्यांनीच १८५५ मध्ये एक जुना कायदा मोडायला लावला तोही सांगायला हवा. घरात किंवा नोंद नसलेल्या जागी वीसपेक्षा जास्त बाहेरचे लोक प्रार्थनेला जमले तर तो गुन्हा होता. ते बंधन त्यांनी काढायला लावलं, हाय चर्चचे बिशप विरोधात असताना. लगेच १८५७ मध्ये लंडनच्या एक्झेटर हॉलमध्ये कामगारांसाठी रविवारी संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली, आणि तिथल्याच हद्दीतल्या पाद्र्याने मनाई केली की माझ्या गावात माझ्या परवानगीशिवाय नाही. पुढे तर थिएटरं भाड्याने घेऊन प्रार्थना झाल्या. कपडे फाटके म्हणून चर्चमध्ये जायला लाजणारी माणसं थिएटरच्या गॅलरीत येऊन बसायची.

प्रश्न : यात बायका कुठेच नाहीत का? (प्रतापनगरहून एक वाचक)

शाफ्ट्सबरींच्या शंभर वर्षं आधी एक बाई होती, आणि तिने त्यांच्याहून मोठं धाडस केलं. सेलिना, काउंटेस ऑफ हंटिंग्डन, जन्म १७०७. नवरा १७४६ ला वारला, त्यानंतरचं सगळं आयुष्य आणि सगळा पैसा तिने या कामात घातला. बाईला पाद्री होता येत नव्हतं, प्रवचन देता येत नव्हतं, पण उमराव घराण्याच्या व्यक्तीला आपल्या घरचा खाजगी पाद्री ठेवायचा हक्क होता. तिने तो हक्क ताणला. जॉर्ज व्हिटफिल्ड या गाजलेल्या इव्हँजेलिकल प्रवचनकाराला घरचा पाद्री केलं आणि आपल्या दिवाणखान्यात लंडनच्या बड्या लोकांना त्यांचं प्रवचन ऐकायला बोलावलं. एका डचेसने तर तिला पत्रात कळवलं की आमचं मन आणि रस्त्यावरच्या कंगालांचं मन सारखंच पापी आहे हे ऐकून घेणं भयंकर आहे. मग काउंटेसने घराला लागून चॅपल, म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, बांधली, म्हणजे घरचंच चॅपल आणि घरचाच पाद्री, पण दार सगळ्या जगाला उघडं. ब्रायटनचं १७६१ मध्ये, त्यासाठी दागिने विकले. बाथचं १७६५. वेल्समधल्या ट्रेव्हेका इथे १७६८ ला पाद्री घडवायचं कॉलेज काढलं.

लंडनच्या स्पा फील्ड्सला एक मनोरंजनाचा मोठा गोल हॉल बंद पडला होता, तो घेऊन १७७९ मध्ये चॅपल केलं, आणि तिथल्या स्थानिक पाद्र्याने चर्चच्या कोर्टात खेचलं. कोर्टाने सांगितलं घरचे पाद्री म्हणजे घरचे, सगळ्यांसाठी नाही. आता दोनच वाटा, चॅपल बंद करा नाहीतर चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरचे म्हणून नोंद करा. तिला बाहेर पडायचं नव्हतं, पण चॅपल बंद करायचं नव्हतं, म्हणून नोंद केली, आणि तिच्या बरोबरचे काही पाद्री आपापल्या नेमणुका सांभाळत बाजूला झाले. १७८३ मध्ये तिच्या मंडळींनी स्वतःच पाद्री दीक्षित केले. तिच्या नावाचा गट आजही आहे, इंग्लंडमध्ये लहान, आणि आफ्रिकेत सिएरा लिओनमध्येही.

आणि हेही लिहितो, कारण लपवण्यात अर्थ नाही. जॉर्जियातलं व्हिटफिल्डचं अनाथालय १७७० मध्ये तिच्याकडे आलं, त्याच्या जमिनीवर गुलाम होते, ते तिने सोडले नाहीत. त्याच वेळी बॉस्टनमधल्या फिलिस व्हीटली या गुलाम मुलीच्या कवितांचं पुस्तक १७७३ मध्ये लंडनला छापलं गेलं, ते काउंटेसच्या पाठिंब्याने, तिलाच अर्पण केलेलं. मला या दोन गोष्टींची सांगड घालता येत नाही, आणि घालून दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

प्रश्न : रविवारची सुट्टी मिशनरी लोकांनी दिली, असं आमच्या ऑफिसात वाद चालतो. (हिंगणा एमआयडीसीतून)

मिशनऱ्यांनी दिली नाही, मागून मिळाली, आणि मागणारा मराठी माणूस होता. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, दीनबंधूचे संपादक. १८८४ मध्ये मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन गेलं, त्यात पहिली मागणी रविवारची सुट्टी, मग दुपारी अर्धा तास, पगार वेळेवर. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, त्या दिवशी देवाला जाता आलं पाहिजे असंही त्यांनी मांडलं. १८९० मध्ये मुंबईच्या मालकांनी रविवार मान्य केला.

शाफ्ट्सबरींचा रविवारही अटीतटीचा होता. १८५० मध्ये त्यांनी ठराव मांडला की रविवारी टपाल वाटायचं नाही, तो मंजूर झाला, काही आठवड्यांतच लोकांच्या ओरड्याने मागे घ्यावा लागला. टपालवाल्यालाही सुट्टी हवी हे खरं, पण कामगाराला एकच दिवस मोकळा असताना त्या दिवशी म्युझियम उघडू द्यायचं नाही, बागेत बँड वाजू द्यायचा नाही, याचा मात्र मी समर्थक नाही. लोखंड्यांच्या रविवारात जत्रा होती, देवदर्शन होतं, घरची कामं होती. तो मला जास्त माणसाचा वाटतो.

प्रश्न : १८५७ मध्ये हे साहेब आपल्याविरुद्ध काय बोलले ते लिहायची हिंमत दाखवा. (एक वाचक, सक्करदरा)

लिहितो. उठावाच्या बातम्या लंडनला पोचत होत्या तेव्हा त्यांनी भर सभेत सांगितलं की इंग्रज बायकांचे हाल करून त्यांना विद्रूप केलं जातंय, आणि याला लेडी कॅनिंग, म्हणजे हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नी, यांच्या पत्राचा आधार आहे. ते पत्र त्यांनी पाहिलंच नव्हतं. पुढे तो आधार त्यांना मागे घ्यावा लागला, पण तोवर गोष्ट पेपरात छापून आली होती आणि सूड मागणाऱ्यांच्या हाती कोलीत गेलं होतं. उत्तरेत गावंच्या गावं जाळली जात होती त्या काळात त्यांच्यासारख्या विश्वासू माणसाचा शब्द किती जड होता हे लक्षात घ्या. इंग्लंडच्या खाणीतल्या पोराबद्दल पुरावे गोळा करून, अहवाल वाचून, मगच बोलणारा माणूस हिंदुस्थानच्या बाबतीत ऐकीव गोष्टीवर बोलला. हे त्यांच्या खात्यावर राहणारच.

प्रश्न : लंडनच्या पिकॅडिली सर्कसचा पंखवाला पुतळा त्यांचा आहे का? मुलगी तिकडे शिकायला गेली आहे, तिने फोटो पाठवला. (एक आई, मनीषनगर)

पुतळा त्यांचा नाही, कारंजं त्यांच्या स्मरणार्थ आहे. आल्फ्रेड गिल्बर्ट यांनी केलं, १८९३ मध्ये उघडलं. शाफ्ट्सबरी १ ऑक्टोबर १८८५ ला वारले, वेस्टमिन्स्टर अॅबीत प्रार्थना झाली, बाहेर रस्त्यावर गरिबांची तोबा गर्दी, रॅग्ड स्कूलची पोरं आपापली निशाणं घेऊन उभी. त्या शाळा म्हणजे फाटक्या कपड्यांच्या पोरांसाठी फुकट शाळा, त्यांच्या संघटनेचे ते कितीतरी वर्षं अध्यक्ष होते. अॅबीत पुरायला मात्र घरच्यांनी नकार दिला, त्यांची इच्छा गावी पुरण्याची होती. डॉर्सेटमधलं विम्बोर्न सेंट जाइल्स, तिथल्या चर्चमध्ये आहेत. मुलीला सवड मिळाली तर सांगा, लंडनहून ट्रेनने जवळच्या स्टेशनपर्यंत जाऊन पुढे टॅक्सी करावी लागेल, छोटं गाव आहे.